गिरजाताईंची ओळ

यंदा आमच्या गावच्या मंडईला गिरजाताई आल्या नाहीत. दिवाळी सरली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते, चौकात नाचगाण्याची दंडार होते, नाटकाचा मंडप पडतो आणि लग्न होऊन गेलेल्या लेकीबहिणी हक्कानं माहेरी येतात. गिरजाताई माझ्या थोरल्या नणंद. मी या घरात आल्यापासून त्यांनी एकही मंडई चुकवलेली नव्हती. एका वर्षी हात प्लास्टरमध्ये होता, तर खाटेवर बसून साऱ्या घराला हुकूम सोडत होत्या. यंदा फोनवर एवढंच म्हणाल्या, "कंबर दुखून राहिली व पुष्पा. तुमी करून घ्या."

खरं तर थोरली नणंद आली नाही म्हणजे सुनेला सुटी. मीही पहिल्या दिवशी जरा पाय पसरून बसले. दुसऱ्या दिवशी घर खायला उठलं. माझे यजमान अंगणात खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसले होते. त्यांचं नाव जीवनलाल. नाव घेते, नाहीतर ही गोष्ट सांगताच येणार नाही. ताईंनी त्यांना कडेवर घेऊन वाढवलं आहे. "ताई कशाच्या तरी रागात हाये," ते म्हणाले, "आन् माझं काय चुकलं ते मले समजून नाई राहिलं." कंबरेची थाप त्यांनाही कळली होती आणि मलाही. ताई आता कधीच येणार नाहीत की काय, हे ते बोलले नाहीत, पण चेहऱ्यावर दुसरं काही नव्हतं.

ताईंचं सासर कामठ्याला. शिक्षण सातवीपर्यंत, पण वाचायची हौस अशी की भज्यांचा कागदसुद्धा तेल पुसून वाचतील. आणि नुसतं वाचून गप्प बसणार नाहीत. लग्नपत्रिकेत कोणाचं नाव मागंपुढं झालं, कोणा आजोबांच्या आधी 'कै.' राहून गेलं, हे त्या हळद लागायच्या आधी सांगणार. माझ्या लग्नात त्यांनी माझ्या वडिलांना पंगतीत सांगितलं होतं की तुमच्या पत्रिकेत तिथी चुकली आहे. तेव्हाच मी ओळखलं की या बाईशी जपून राहायचं. पुढं कळलं की चूक दाखवली की त्यांचा राग संपतो आणि बरोबर केलं की त्या जेवायला वाढतात.

या स्वभावाला खरी जागा मिळाली ती आमच्या गावकोशात. जीवनलालचा सडक अर्जुनीला हायवेवर कॉम्प्युटर क्लास आहे. ट्रक गेला की काचा वाजतात, असा. मुलांना टायपिंगच्या सरावाला वर्तमानपत्रातले उतारे द्यायचे आणि मुलं जांभया द्यायची. मग एका उन्हाळ्यात ह्यांनी विकिपीडिया ज्या सॉफ्टवेअरवर चालतो तेच फुकटचं सॉफ्टवेअर बसवलं, त्याचं नाव गावकोश ठेवलं आणि मुलांना सांगितलं, घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना काहीतरी विचारा आणि ते इथं टाईप करा. गावच्या तळ्याचं, बोडीचं, नाव कसं पडलं, कोणत्या देवाला काय लागतं, कोणती भाजी कोणत्या रानात मिळते. मी म्हटलं, "क्लासचं छप्पर गळून राहिलं, ते बघा आधी." छप्पर अजून गळतं.

सुरुवातीला फार कोणी लिहिलं नाही. पण प्रत्येक पानावर 'बदला' असं एक बटण होतं, आणि ते कोणालाही दाबता यायचं. माणसाला लिही म्हटलं की तो मान खाजवतो. तुझ्या गावाबद्दल चुकीचं छापलंय म्हटलं की चप्पल न घालता येतो. जीवनलालना हे लवकर उमगलं आणि मग त्यांनी लबाडी सुरू केली. मुद्दाम चुका ठेवायचे. मोहफुलं दुपारी वेचतात असं लिहून ठेवलं, तर नवेगाव बांधकडचे एक आजोबा एसटीनं क्लासात भांडायला आले. "दुपारपावतर फूल ठेवते कोन? हरणं ठेवतीन का?" ह्यांनी त्यांना चहा पाजला, एका मुलीला त्यांच्याजवळ बसवलं आणि मोहाचं अख्खं पान लिहून घेतलं.

ताई अशाच अडकल्या. उडदाच्या बड्यांच्या, म्हणजे वड्यांच्या, पानावर ह्यांनी लिहिलं होतं की डाळ मिक्सरमध्ये वाटतात. ताईंच्या सुनेनं, खुशबूनं, मोबाईलवर ते दाखवलं आणि ताईंचा फोन आला, "जीवन, हे कोनं लिवलं गा? मिक्सरचे बडे आपल्या मायनं कदी देवाले दाखवले का?"

"मंग तूच बदल ना ताई."

"माझ्या हातानं बिघडलं त?"

"बिघडतच नाई. जुनं सारं मागं जपून ठेवते ते. एक बटण दाबलं का परत येते."

मला वाटतं त्या एका वाक्यानं सगळं झालं. आमच्या बायकांना आयुष्यभर एकच भीती असते, की आपल्या हातानं काहीतरी बिघडेल. शिलाई मशीन, गॅस, टीव्ही, बँकेचं कार्ड, सगळ्यांना हात लावताना कोणीतरी मागून ओरडलेलं असतं. इथं 'इतिहास' नावाचं पान होतं. कोणी काय बदललं, आधी काय होतं, सारं तिथं राहायचं. ताईंनी ते आठवडाभर तपासून पाहिलं. मुद्दाम बिघडवायच्या आणि परत आणायच्या. खात्री पटल्यावर त्यांनी अंगठ्यानं टाईप करत मिक्सर काढला आणि पाटा-वरवंटा आणला.

ते दिवस आठवले की मला अजून बरं वाटतं. ज्या शब्दाचं पान लिहिलेलं नाही तो शब्द गावकोशात लाल दिसायचा, लिहिलं की निळा व्हायचा. जीवनलालनी ताईंना समजावलं, रोवणी झाल्यावर बांधीत जिथं रोप मेलं तिथं आपण नांग्या भरतो ना, तसं समज. झालं. ताईंना रिकामी जागा बघवत नाही. सकाळी तांदूळ निवडायला बसल्या की एका हाताला मोबाईल, आणि 'अलीकडील बदल' उघडलेलं. कोण आलं, काय लिहून गेलं, सगळी हजेरी. त्यांचं बघून कामठ्यातल्या आणखी बायका आल्या, मग त्यांच्या माहेरच्या आल्या. दुपारी माझ्या शाळेत डबा खाताना मीही बघायची. गावकोश म्हणजे आमचा पार होता, फक्त त्यावर बायकांनाही बसता यायचं.

भांडणं तर काय, मजाच मजा. ताईंच्या गल्लीतले चुन्नीलाल रोज कामठ्याच्या पानावर लिहायचे की माझ्या आजोबांनी वाघाला काठीनं मारलं. ताई सकाळी वाघ काढायच्या. संध्याकाळी वाघ परत. कधी कधी आदल्या दिवशीपेक्षा मोठा. प्रत्येक पानाच्या मागं 'चर्चा' म्हणून एक जागा असते, तिथं दोघांची जुंपली. "तुमी वाघ पाहिला का?" "तुमी आजोबा पाहिले का?" हे दोघं समोरासमोर भेटले की राम राम करायचे आणि चर्चापानावर एकमेकांची कातडी सोलायचे. शेवटी ताईंनी वाघ राहू दिला, पण पुढं तीन शब्द जोडले: "असे चुन्नीलाल सांगतात." चुन्नीलालना त्यात आपला मान वाटला, ताईंना खरेपणा वाटला. मी हा किस्सा शिक्षकांच्या प्रशिक्षणात सांगते.

त्याच काळात भावाबहिणीनं मिळून आईचं पान लिहिलं. माझ्या सासूबाई, रुख्मिणीबाई. हे एक ओळ लिहायचे, ताई ती दुरुस्त करायच्या, मग हे त्यात भर घालायचे. आई कोणती गाणी म्हणायची, गाईला काय नावानं हाक मारायची, पावसात चूल कशी पेटवायची. समोरासमोर बसून या दोघांनी आईबद्दल कधी दोन वाक्यं बोललेली मी ऐकली नव्हती. पानाच्या शेवटी ह्यांनी लिहिलं होतं, "आई शांतपणे गेली." सासूबाई गेल्या तेव्हा घरात फक्त ताई होत्या. मी आमच्या लेकीच्या, रुचिच्या, वेळच्या बाळंतपणाला तिरोड्याला माहेरी होते आणि हे क्लाससाठी जुने कॉम्प्युटर घ्यायला नागपूरला गेलेले. शांतपणे गेली हे आम्हाला ताईंनीच सांगितलं होतं.

मग गेल्या वर्षी मंडई झाल्यावर ते घडलं. कोणा हलकटानं, नाव न देता, एका गावाच्या पानावर तिथल्या एका मुलीबद्दल घाण लिहिली. ताईंनी सकाळी उठल्याबरोबर ती काढून टाकली, पण तोवर कोणीतरी फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला होता. मुलीचा बाप क्लासात आला. तो ओरडला नाही, शिव्या दिल्या नाहीत, नुसता बाकावर बसून राहिला. जीवनलाल त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी गावकोशाला कुलूप लावलं. म्हणजे वाचायला सगळ्यांना मोकळं, बदलायलाही मोकळं, पण केलेला बदल आधी ह्यांच्याकडे जाणार, हे तपासणार, मग तो पानावर दिसणार. मला तेव्हा ते बरोबरच वाटलं. त्या बापाचा चेहरा मीही पाहिला होता.

पण तपासणारा माणूस एक. त्यात क्लास, परीक्षा, लोकांचे ऑनलाइन अर्ज. आधी रोज बघायचे, मग रविवारी, मग सवड मिळेल तेव्हा. आणि सवड मिळाली की प्रत्येक ओळीवर शंका. हे कशावरून, ते कोणी सांगितलं. पूर्वी जे शंभर डोळे एकमेकांवर लक्ष ठेवून होते ते घरी गेले, आणि उरले ह्यांचे दोन, तेही चष्म्याचे. हळूहळू पानांवर नवीन काही दिसेना. जीवनलाल म्हणाले, "लोकायले आता इंटरेस्ट नाई राहिला. पण कसं साफ दिसून राहिलं, नाई?"

मी म्हटलं, "शाळा पण रविवारी साफच दिसते."

त्यांना राग आला. 

इतकं सगळं झालं आणि यंदा ताई मंडईला आल्या नाहीत. जीवनलालनी फोन केला की खुशबू म्हणायची, आई बाहेर गेल्या. शेवटी मी शाळेतून सुटी काढली आणि गोंदियाहून कामठ्याची गाडी धरली. नणंदेला मनवायला भावजय निघाली हे कोणी ऐकलं तर हसेल, पण मला त्या खुर्चीत बसलेल्या माणसाकडे बघवत नव्हतं.

ताई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. कंबर ठणठणीत होती, मला बघून झटक्यात उठल्या. पाणी दिलं, चहा दिला, तिकडचं इकडचं विचारलं. भावाचं नाव काढेनात. मीच म्हटलं, "ताई, सरळ सांगा. काऊन नाई आल्या?"

"तुले नाई सांगितलं त्यानं?"

"काय सांगन? त्यायलेच मालूम नाई."

"मालूम नाई कसं?" त्या म्हणाल्या. "मायच्या पानावरची माझी ओळ वाचून त खोडली त्यानं."

 ताई शेंगा सोलत बोलू लागल्या, माझ्याकडे न बघता. सासूबाई शांतपणे गेल्याच नव्हत्या. ताप चढला होता. ताईंनी नागपूरला फोन केला, तर भाऊ म्हणाला, गाडी भरायची आहे, उद्या येतो. साधा ताप आहे असंच सगळ्यांना वाटत होतं. "रस्त्यावर गाडी थांबली का माय उठून बसे. म्हणे, जीवन आला. मी म्हनो, नाई व, येते उद्या. पुन्हा ट्रक थांबे, पुन्हा उठे." तसंच संपलं. भाऊ दाराशी आला तेव्हा त्याची अवस्था बघून ताईंच्या तोंडून निघून गेलं, शांत गेली रे. एकदा बोललं ते तसंच राहिलं. रुचि आता कॉलेजात आहे, इतकी वर्षं राहिलं.

"मंग लिवलं कायले?" मी विचारलं. मला खरंच कळेना.

ताईंचे हात थांबले. "पुष्पा, मी साऱ्या जिल्ह्याचं खोटं खोडून राहिली. चुन्नीलालचा वाघबी तसाच नाई ठेवला. आन् माझ्या मायच्या पानावर माझंच खोटं. रोज दिसे ते मले. तोंडानं बोलता नाई आलं म्हणून लिवलं. बटण दाबलं. पान पाहिलं त तेच जुनं. पुन्हा लिवलं, पुन्हा गायब. म्हटलं, जीवननं वाचलं आन् पुसून टाकलं. त्याले नको असन. बरोबर हाये त्याचं. पन आता त्याच्या अंगनात कोन्या तोंडानं जाऊ?"

बटण दाबल्यावर वर एक बारीक ओळ यायची, 'आपला बदल तपासणीसाठी पाठवला आहे.' ताईंनी ती पाहिलीच नव्हती. का पाहतील? गावकोशात दाबलं की दिसतं, हेच त्यांना भावानं शिकवलं होतं. आपली ओळ दिसली नाही म्हणजे कोणीतरी काढली, एवढाच अर्थ त्यांना माहीत. कुलुपाचं त्यांना सांगायचं राहून गेलं होतं, आणि त्यानंतर त्यांनी लिहिलेली ही पहिलीच ओळ. मी त्यांना सांगितलं की ती ओळ ह्यांनी वाचलेलीच नाही. इतरांच्या ओळींच्या ढिगात कुठंतरी पडून आहे.

ताई पांढऱ्या पडल्या. "नाई वाचलं? मंग राहू दे. काढून टाक म्हन. नको सांगू त्याले."

मला इतका संताप आला की काय सांगू. वर्षभर एक भाऊ तपासत बसला आणि एक बहीण शरमेनं मरत बसली, आणि मध्ये त्या बटणाशिवाय काही नव्हतं. मी म्हटलं, "ताई, आता हे मले मालूम झालं. मी त्यांच्यासंगं राहते. मी किती दिवस तोंड दाबून ठेवू? तुमीच सांगा त्यायले. लिवून नको, तोंडानं."

त्यांनी सोललेल्या शेंगा बाजूला सारल्या. मग आत गेल्या, बांगड्यांवरची माती धुतली आणि म्हणाल्या, "बोलाव त्याले."

जीवनलाल दुसऱ्या दिवशी सकाळी आले. लॅपटॉपची बॅग खांद्याला, कारण ती त्यांच्या अंगाचाच भाग आहे. ताईंनी त्यांना बसवलं आणि जसं मला सांगितलं तसंच सांगितलं, एक शब्द कमी नाही, जास्त नाही. ते ऐकत होते. मध्येच उठून गोठ्याकडे गेले. मी मागं जायला निघाले तर ताईंनी मला हातानं थांबवलं. ते परत आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं. "मीच म्हटलं होतं उद्या येतो," ते म्हणाले. "ताप हाये म्हटलं तू, आन् मी म्हटलं उद्या येतो."

ताईंनी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला. 

मग त्यांनी लॅपटॉप उघडला आणि कुलूप काढून टाकलं. लिहायचं तर खरं नाव द्यावं लागेल, एवढी एक अट ठेवली. तपासणी बंद. अडकलेल्या सगळ्या ओळी एकदम मोकळ्या झाल्या. मी विचारलं, "पुन्हा कोनी घान लिवली त?" ते म्हणाले, "ताई हाये ना सकाळी उठून." ताईंनी पदरानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "आता मी एकटी नाई पुरणार. बाकीच्या बायांयलेबी फोन कर."

आईच्या पानावर शेवटची ओळ बदललेली होती. "आई शांत नव्हती. रस्त्यावर गाडी थांबली की उठून बसायची आणि जीवन आला म्हणायची." जीवनलालनी ती पुन्हा पुन्हा वाचली. मला वाटलं ते लॅपटॉप मिटतील. त्यांनी 'बदला' दाबलं आणि त्या ओळीखाली लिहिलं, "जीवन दुसऱ्या दिवशी आला." लिहून ताईंकडे सरकवलं, जसं शाळेतलं पोर पाटी दाखवतं.

ताईंनी चष्मा चढवला. वाचलं. तोंडानं च्यक् केलं आणि स्वतःच्या मोबाईलवर अंगठ्यानं टाईप करायला लागल्या. त्यांचं टाईप करणं म्हणजे चिमण्यांनी दाणे टिपणं, आम्ही दोघं वाट बघत राहिलो. मग त्यांनी पान आमच्यासमोर धरलं. "जीवन दुसऱ्या दिवशी पहाटे, रातोरात मिळालेल्या भंगाराच्या ट्रकवर उभा राहून आला."

जीवनलालनी मान वर केली. "ताई, मी कसा आलो ते कोनालेच नाई सांगितलं. तुले कसं मालूम?"

"तुझ्या सदऱ्याले सारा गंज लागला होता," ताई म्हणाल्या. "मीच त धुतला."